एक मोटार व एक मालक



'शौक' हा शब्द आपल्याकडे सहसा कौतुकानें उच्चारला जात नाहीं. शौकी मनुष्य म्हणजे पैसा उधळणारा, कामाचें सोडून नसत्या गोष्टींच्या मागें लागणारा, असा समज रूढ झालेला आहे. त्यांतही शौक जर मोटारीचा असेल, ती मोटारही घरची चार माणसें घेऊन बाजारहाट करणारी नसून दोन दारांची, बुटकी, वेगानें धांवण्यासाठीं घडविलेली 'स्पोर्ट्स कूपे' असेल, आणि त्यावर ती जुनीही असेल, तर मग विचारावयासच नको! घरच्या मंडळींपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वांचें एकच मत पडतें, कीं हा पांढरा हत्ती दारांत बांधण्यांत शहाणपण तें काय?

हें मत सर्वस्वी चुकीचें आहे असें नाहीं. पुष्कळ शौक खरोखरच पोकळ असतात. परंतु पोकळ शौक कोणता व भरीव शौक कोणता हें ओळखावयाचें कसें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. आणि त्याचें उत्तर अमेरिकेंतील एका शाळामास्तरांच्या व त्यांच्या तांबड्या मोटारीच्या हकीकतींत चांगलें सांपडतें.

प्रथम मोटारीची हकीकत. स्वीडन देशांतील व्होल्व्हो कंपनी मजबूत, पण दिसावयास साध्या अशा मोटारींसाठीं प्रसिद्ध होती. १९५७ सालच्या सुमारास तिच्या चालकांस वाटूं लागलें, कीं येणाऱ्याजाणाऱ्याचें पाऊल दुकानापुढें थबकेल अशी एक देखणी मोटार आपल्यापाशीं असावी. देखणेपणा म्हणजे इटली, असा त्या काळचा दंडक. म्हणून तुरीन शहराहून नमुने मागविण्यांत आले. कंपनीचे मुख्य चालक गुन्नार एंगेलाउ यांनीं त्यांतून एक नमुना पसंत केला. पुढें उघडकीस आलें, कीं तो कोणा इटालियन कसबी मनुष्याचा नसून, तुरीन येथें पिएत्रो फ्रुआ यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या पेले पेटरसन नामक पंचविशींतील स्वीडिश तरुणाचा आहे. आणि त्याचे वडील हेल्मर पेटरसन हे तर कंपनीचेच सल्लागार! एंगेलाउ संतापले. नमुना मात्र तोच राहिला, आणि पुढें अनेक वर्षें तो फ्रुआ यांच्याच नांवावर खपला. रेषा त्याच, वळणें तींच. केवळ नांव बदलतांच पसंतीचा राग झाला. वस्तूकडे न पाहतां तिच्यावरील चिठ्ठीकडे पाहण्याची खोड केवळ गिऱ्हाइकांनाच असते असें नाहीं.

'पी १८००' या नांवाची ही मोटार जानेवारी १९६० मध्यें ब्रुसेल्स येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आली. आरंभीं तिचा सांगाडा स्कॉटलंडांत तयार होई व जोडणी इंग्लंडांत वेस्ट ब्रॉमिच येथें होई. तें काम कंपनीच्या मनास येईना, म्हणून १९६३ सालीं जोडणी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें हलविण्यांत आली, आणि मोटारीच्या नांवापुढें 'एस्' हें अक्षर लागलें. 'एस्' म्हणजे 'स्वेरिये', अर्थात् स्वीडन. त्याच सुमारास 'द सेंट' या इंग्रजी चित्रमालिकेंत नट रॉजर मूर एक पांढरी पी १८०० चालवीत असलेले लोकांनीं पाहिले, आणि मोटारीचें नांव घरोघर पोंचलें. १९७३ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तोंपर्यंत सर्व प्रकार मिळून सुमारें ४७ हजार मोटारी तयार झाल्या होत्या. मोठ्या कारखान्यांच्या हिशेबीं ही संख्या अगदींच थोडी.

बाहेरून ही मोटार चित्त्यासारखी दिसे. आंत मात्र काळीज होतें बैलाचें. तिचें १.८ लिटरचें चार सिलिंडरांचें इंजिन मुद्दाम शर्यतीसाठीं घडविलेलें नव्हतें. त्याच कंपनीच्या साध्या घरगुती मोटारींतही तें बसे, आणि थोड्याफार फरकानें बोटींतही चाले. त्याचा ठोकळा ओतीव लोखंडाचा. दट्ट्यांची वरखालची गति ज्या दांड्यामुळें गोल फिरण्यांत बदलते, तो दांडा पांच बेअरिंगांवर तोललेला होता. त्या काळच्या पुष्कळ चार सिलिंडरी इंजिनांत अशीं बेअरिंगें तीनच असत. आधार जितके अधिक, तितका दांडा कमी लवतो व झीजही कमी होते. अशा रीतीनें सौंदर्याच्या पोटीं सोशिकपणा ठेवलेला होता. पण तो ओळखणारा मालक भेटल्यावांचून त्याचें चीज होणें शक्य नव्हतें.

तो मालक १९६६ च्या जून महिन्यांत भेटला. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथें अर्व्ह गॉर्डन नांवाचे विज्ञान शिकविणारे एक शाळामास्तर राहत असत. त्यांना शाळेच्या कामासाठीं जाऊन येऊन रोज १२५ मैलांचा प्रवास पडे, आणि त्यांच्या आधीच्या मोटारी वाटेंत वरचेवर दगा देत. गॉर्डन मास्तरांनीं ४,१५० डॉलर मोजून तांबड्या रंगाची एक १८०० एस् घेतली. ही रक्कम जवळजवळ त्यांच्या वर्षाच्या पगाराइतकी होती. पगारदार मनुष्यानें एवढी रक्कम दोन दारांच्या मोटारींत घालावी, हें पाहून कोणीही कपाळाला हात लावला असता. मास्तरांना त्याची पर्वा दिसली नाहीं. मोटार ताब्यांत येतांच पहिल्या दोन दिवसांतच ते तींतून १,५०० मैल हिंडले, आणि सोमवारीं पहिल्या तपासणीसाठीं पुन्हां विक्रेत्याच्या दारांत हजर झाले!

हा पहिला उमाळा होता, असें कोणी म्हणेल. नवी नवलाई कोणास नसते? परंतु ही नवलाई ओसरली नाहीं. १९८७ सालीं त्या मोटारीचे १० लाख मैल पूर्ण झाले. कारखान्यानें आनंदानें मास्तरांना एक नवी मोटार भेट दिली. पण नवी आली म्हणून जुनी सुटली नाहीं. १९९८ सालीं, एकाच मालकानें खाजगी वापरांत सर्वांत अधिक चालविलेली मोटार म्हणून गिनेसच्या पुस्तकांत तिची नोंद झाली. त्या वेळीं आंकडा १६ लाख ९० हजारांच्या घरांत होता. २००२ सालीं २० लाख पुरे झाले, आणि सप्टेंबर २०१३ मध्यें अलास्कांतील एका रस्त्यावर ३० लाख.

मुलांना गणित घालावें असे हे आंकडे आहेत. पृथ्वीचा घेर सुमारें २४,९०० मैल. म्हणजे ३० लाख मैलांत तिच्या १२० प्रदक्षिणा होतात. सत्तेचाळीस वर्षांवर ही रक्कम वांटली, तर सुटीचा एकही दिवस न धरतां रोजचे १७४ मैल पडतात. आतां शाळेचे दिवस वर्षाला १८० धरले, तर शाळेच्या जाण्यायेण्याचे वर्षाला २२,५०० मैल होतात. तीस वर्षें नोकरी धरली, तरी ही बेरीज पावणेसात लाखांवर जात नाहीं. उरलेले तेवीस लाख मैल कोणाच्या हुकुमानें झाले? त्यांचा हिशेब आवडीच्याच खात्यावर मांडावा लागतो.

परंतु केवळ हिंडण्याच्या हौसेनें कोणतेंही यंत्र इतकें टिकत नाहीं. मोटारीबरोबर मिळणारी जी माहितीपुस्तिका बहुतेक मालक खणांत टाकून विसरतात, ती या मास्तरांनीं वाचली आणि तींत सांगितल्याप्रमाणें ते वागले. दर ३,००० ते ३,५०० मैलांना इंजिनांतील तेल बदलावयाचें, हा त्यांचा परिपाठ होता. ३० लाख मैलांत ही क्रिया आठशेंहून अधिक वेळां झाली असली पाहिजे. तींत धाडस नाहीं, कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. तरी त्या इंजिनाची पहिली मोठी दुरुस्ती सुमारें ६,८०,००० मैलांपर्यंत करावी लागली नाहीं, यांतील रहस्य या नीरस कामांतच आहे.

अशा जुन्या मोटारीची निगा राखणें म्हणजे एक लहानशी विद्याच आहे. हिच्या इंजिनाला पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पुरविणारे दोन कार्ब्युरेटर असतात. दोघांनीं सारखाच श्वास घेतला नाहीं, तर इंजिन अडखळतें. जाणता मालक रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरतो, दुसरें आळीपाळीनें दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशीं नेतो, आणि आंत शिरणाऱ्या हवेचा सूं सूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू हलकेच फिरवितो. तंबोऱ्याच्या तारा जुळविणाऱ्याला हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. तसेंच झडपांमधील फट पातळ पट्टीनें मोजावी लागते. ठिणगी पाडणारीं टोंकें घांसून साफ करावीं लागतात. कार्ब्युरेटरांच्या माथ्यावरील लहान कोठ्यांत थोडें पातळ तेल आहे ना, हें पाहावें लागतें. नव्या मोटारींत हीं कामें आज यंत्रगणकाकडे गेलीं आहेत. सोय झाली हें खरें; पण त्याबरोबर मालक व यंत्र यांचें बोलणेंही थांबलें.

या मोटारीचा खरा शत्रु इंजिनांत नसून पत्र्यांत आहे. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें चिखलाबरोबर उडून दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, चाकांच्या कमानींत व तळाच्या पत्र्यांत जाऊन बसतें, आणि आंतून गंज धरतो. या मोटारीला निराळी चौकट नाहीं. पत्र्याचें घर हेंच तिचें हाडपेर. म्हणून गंज हा येथें केवळ त्वचारोग ठरत नाहीं. जुनी पी १८०० घेऊं इच्छिणाऱ्या शौकी मनुष्यानें रंगाच्या चकाकीवर न भुलतां प्रथम गुडघे टेकून तिच्याखालीं पाहावें, हा जाणत्यांचा उपदेश आहे. इंजिनाचे बहुतेक भाग घरगुती मोटारींशीं समान असल्यामुळें ते आजही मिळतात. पण पत्र्याचे व शोभेचे भाग हिचे हिलाच लागतात, आणि तेथेंच थैली रिकामी होते. स्वस्तांत घेतलेली गंजकी मोटार अखेर सर्वांत महाग पडते, हा व्यवहार घर घेणाऱ्यांना व बैल घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

जुन्या मोटारींच्या भक्तांत एक पंथ असा आहे, कीं तो मोटार झांकून ठेवतो, वर्षांतून दोन वेळां बाहेर काढतो, आणि मैलांचा आंकडा वाढूं देत नाहीं. कारण आंकडा जितका लहान तितकी किंमत मोठी. या पंथासही नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्याच्यामुळेंच कांहीं नमुने जसेच्या तसे पुढील पिढ्यांच्या दृष्टीस पडतील. परंतु नुसतें उभें राहिलेलें यंत्र सुखी असतें ही समजूत खोटी आहे. रबर वाळतें, पेट्रोल शिळें होतें, ब्रेकांच्या नळ्यांत ओल शिरते. आपल्याकडे खंडेनवमीस सुतार पटाशीला हळदकुंकू वाहतो. पण वर्षाचे उरलेले दिवस ती पटाशी कोपऱ्यांत गंजत पडली, तर त्या हळदकुंकवाचा उपयोग काय? पूजा आणि वापर हीं एकमेकांस धरून असलीं म्हणजेच दोन्ही सार्थ होतात.

या शौकावर आज घेतला जाणारा एक आक्षेप मात्र हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. जुन्या मोटारीचा धूर नव्या मोटारीइतका शुद्ध केलेला नसतो, पेट्रोल जळतें, आणि अपघातांत तिचें संरक्षण तोकडें पडतें. खांद्यावरून व कमरेवरून येणारा जो तीन टोंकांचा पट्टा आज सर्वत्र वापरतात, तो व्होल्व्होच्याच निल्स बोह्लिन या इंजिनियरानें १९५९ सालीं तयार केला, आणि तो या मोटारींत होता, हें तिच्या बाजूनें सांगतां येईल; तथापि आजच्या मोटारींतील हवेच्या पिशव्या तींत नाहींत. म्हणून ही वस्तु सर्वांनीं घ्यावी अशी नाहीं, आणि केवळ मौजेखातर पेट्रोल जाळीत सुटणें हेंही भूषण नव्हे. दुसऱ्या बाजूस एवढें मात्र ध्यानांत ठेवावें, कीं प्रत्येक नवी मोटार घडवितांनाही खनिज, कोळसा व वीज खर्च होतच असते. सत्तेचाळीस वर्षांत पांचसहा मोटारी घेऊन टाकून देणारा मनुष्य व एकच संभाळणारा मनुष्य, यांपैकीं उधळ्या कोण, याचा निकाल दिसतो तितका सोपा नाहीं.

गॉर्डन मास्तर नोव्हेंबर २०१८ मध्यें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं निवर्तले. तोंवर मोटारीचा आंकडा ३२ लाखांपलीकडे गेला होता. मनुष्य गेला आणि वस्तु मागें राहिली. असें होणारच, परंतु ज्या हातांना त्या इंजिनाचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता, ते हात वारसाहक्कानें कोणास देतां येत नाहींत. कागदावरची मालकी एका सहीनें बदलते. ओळखीची मालकी नव्या माणसाला पहिल्या मैलापासून मिळवावी लागते. जुन्या यंत्रांच्या जगांत आज खरी वाण पडत आहे ती सुट्या भागांपेक्षां अशा जाणत्या कानांची व हातांची. ज्यांना ही विद्या येते, त्यांनीं ती जवळच्या एखाद्या तरुणाला शेजारीं बसवून शिकविली, तर तोही शौकाचाच एक भाग होय.

तेव्हां शौक पोकळ कीं भरीव, हें वस्तूच्या किंमतीवरून ठरवूं नये. ती आपल्यापाशीं आहे हें लोकांना दिसावें, एवढ्यासाठीं ज्याचा जीव तिच्यांत गुंतला, त्याचा शौक लोकांचें लक्ष दुसरीकडे जातांच संपतो. जो तिला वापरतो, तिच्याविषयीं शिकतो आणि तिच्यासाठीं रोजचें नीरस काम न कंटाळतां करतो, त्याचा शौक वर्षांगणिक वाढत जातो. मग ती वस्तु तांबडी कूपे असो, वडिलांची सायकल असो, कीं आजीचें शिवणयंत्र असो. घरांतील असें एखादें जुनें यंत्र अडगळींत टाकण्यापूर्वीं त्याची माहितीपुस्तिका कोठें आहे, एवढें जरी या निमित्तानें कोणीं शोधून पाहिलें, तरी पुरे आहे.