उन्हाळ्याची तारीख बदलते आहे



आयोजकांनी मला ‘फेब्रुवारीतला उन्हाळा’ हा विषय दिला आहे. मी हवामानतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण आकड्यांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करतो.

भारतीय हवामान विभागाकडे देशाच्या तापमानाच्या १९०१ पासूनच्या नोंदी आहेत. २०२२ चा मार्च त्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश होते. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, सरासरी कमाल तापमान २९.५४ अंशांवर गेले. तोही फेब्रुवारीचा विक्रम होता. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात पुन्हा सगळ्यांच्या वर गेला. त्याच महिन्याच्या शेवटी कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला आणि मुंबईत पारा ३८ अंशांच्या पुढे गेला.

कुणी म्हणेल, ऊन कधी कमी, कधी जास्त असतेच. बरोबर आहे. एका गरम दिवसावरून काहीच सिद्ध होत नाही. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे आले आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटला, की मुंबई तापते. हे पूर्वीही व्हायचे. पण सर्व्हरवर एखादी चूक एकदा आली तर आपण सोडून देतो. तीच चूक वारंवार येऊ लागली तर मूळ शोधतो. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधल्या उष्णतेचा अभ्यास शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने केला. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे अशा उष्णतेची शक्यता सुमारे ३० पट वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही उष्णता ताटापर्यंत येते. मार्चमध्ये उत्तर भारतात गव्हाचा दाणा भरत असतो. तेव्हा ऊन वाढले की दाणा बारीक राहतो. २०२२ मध्ये उत्पादनाचा अंदाज खाली आला, भाव चढले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. आपल्या कोकणात याच दिवसांत हापूसची फळे कोवळी असतात. एकदम ऊन वाढले की ती गळतात.

आता माणसांकडे वळू. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान मागे सरकत फेब्रुवारीत आला आहे. मे-जूनचे रोजे धरलेल्यांना वाटले, आता सोपे जाईल. एसी ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्याला जाईलही. पण सेंट्रिंगचे काम करणारा, हातगाडी ओढणारा, पत्र्याच्या खोलीत दुपारी इफ्तारची तयारी करणारी आपली आई किंवा बहीण, यांचे काय? त्यांच्यात रोजेदार असतात, तसे रोजा नसलेलेही. ऊन दोघांना सारखेच लागते. शिवाय हिवाळ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या शरीराला उष्णतेची सवय झालेली नसते.

आमच्या क्षेत्रात एक वाईट सवय मानतात: प्रोग्राममध्ये तारीख कायमची लिहून टाकणे. परिस्थिती बदलते, तारीख तीच राहते आणि यंत्रणा कोसळते. आपण उन्हाळ्याबाबत हेच केले आहे. पाणपोई एप्रिलमध्ये, सकाळची शाळा एप्रिलमध्ये. शहरांचे उष्णता कृती आराखडेही बहुधा मार्चपासून पुढचा विचार करतात. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर, २०१३ मध्ये असा आराखडा केला. त्यातली मुख्य गोष्ट साधी होती: इशारा मिळाला की कुणी काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे.

आपणही तेच करू शकतो. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला, की उष्णतेची लाट मानतात. हवामान विभागाचा इशारा मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत आणि उर्दूत टाका. महिना कोणताही असो, त्याच दिवशी मशिदीचे अंगण, समाजमंदिर, वाचनालय दुपारी सगळ्यांसाठी उघडा, स्त्रियांसाठीही. ठेकेदाराशी बोलून काम पहाटे सुरू करायला लावा. महापालिकेला लेखी विचारा, आमच्या शहराचा आराखडा कुठे आहे आणि तो फेब्रुवारीत लागू होतो का? कुणी उन्हात बरळू लागला, बेशुद्ध झाला, तर अंग ओले करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. रोजा आहे की नाही, हे विचारत बसू नका. जीव वाचवण्यासाठी रोजा सोडण्याची मुभा आपल्याला आहेच.

कॅलेंडर पाहून उन्हाळ्याची तयारी करण्याचे दिवस गेले. आता पारा पाहून तयारी करू.