दाढेतली चौथी नळी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. तरी आज दातांवर बोलणार आहे, कारण एक चूक कबूल करायची आहे.

चार वर्षांपूर्वी सौ.च्या वरच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, कॅपही बसली. तरी ती म्हणे, "अहो, चावताना अजून ठणकतंय." मी म्हणायचो, "नसच काढलीय, दुखेल कशी? मनाचे खेळ आहेत." सहा महिने ती एकाच बाजूनं जेवली. शेवटी हिरडीवर पुळी आली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी समजावलं ते असं. दाताच्या आत पोकळी असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा. तिथून मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्या जातात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला साधारण तीन मुळं: दोन गालाकडे, एक टाळूकडे. आपल्याला वाटतं, नळ्याही तीनच. पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक वेळा दोन नळ्या असतात. दुसरी अगदी बारीक, तिचं तोंड झाकलेलं. सौ.ची तीच राहून गेली होती. तिथे जंतू उरले.

वॉल्टर हेस या स्विस दंतवैद्यानं काढलेल्या दातांत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे घेतले आणि १९१७ साली ते काम प्रसिद्ध केलं. नळ्या सरळ पाइपासारख्या नसतात, त्यांना फाटे फुटतात, ते पुन्हा जुळतात, हे त्यात स्पष्ट दिसलं. शिवाय वयाबरोबर आतून थर चढून नळ्या अरुंद होतात. म्हणजे आपल्या वयात शोधणं आणखी अवघड. सौ.ची चौथी नळी सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. ती साफ करून भरली, दाढ वाचली.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बँकेत दहा पैशांचा फरक आला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत नोंद शोधत बसायचो. घरात मात्र बायको सहा महिने फरक दाखवत होती आणि मी खातं बंद करून बसलो होतो.

रूट कॅनॉलनंतर काही दिवस थोडं दुखतं. पण आठवडे उलटूनही चावताना दुखलं, हिरडी सुजली, तर अंगावर काढू नका आणि घाईनं दाढही काढू नका. पुन्हा दाखवा. आणि घरचं माणूस "दुखतंय" म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा.