खाडाखोड नको, दप्तरातही आणि मोबाईलमध्येही

(प्रभागसंघाच्या सभेत झालेलं भाषण. अनेक ताईंनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



मला विषय दिलाय डिजिटल फॉरेन्सिकचा. नाव मोठं आहे, पण काम ओळखीचं आहे. घरफोडी झाली की पोलीस पंचनामा करतात. कुलूप कसं तुटलं, ठसे कुठे उमटले, ते बघतात. तोवर घर झाडायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मोबाईलमधून किंवा संगणकातून चोरी झाली की तिचाही असाच पंचनामा होतो. त्यालाच डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात. कंपन्या आणि बँका यासाठी पैसे मोजून तज्ज्ञ बोलावतात. आपल्या गटाला ते परवडायचं नाही. पण त्या कामाची सुरुवात आपल्याच हातात असते, ती म्हणजे पुरावा जागेवर ठेवणं.

आधी एका मोठ्या चोरीबद्दल सांगते. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवला होता. एटीएममधून 'पैसे देऊ का?' असा प्रश्न आला की बँकेच्या ऐवजी चोरांचीच यंत्रणा 'दे' म्हणायची. बनावट कार्डं घेऊन माणसं तयारच होती. काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. 13 तारखेला आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण 94 कोटींच्या वर रक्कम गेली.

पण मागे खुणा राहिल्या. कुठल्या एटीएमवर, किती वाजता, कुठलं कार्ड चाललं याच्या नोंदी होत्या. कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएममध्ये शिरलेली माणसं सीसीटीव्हीत दिसली. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डं वापरून रोकड काढणारे त्यांत होते. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोंद टिकली तर तपास पुढे जातो. आणि 'मी फक्त पैसे काढून दिले' म्हणणारा माणूससुद्धा सुटत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, सगळीकडे आपल्या ताई घरगुती राहण्याजेवणाची सोय करतात. कुणी सुकट विकतं, कुणी कोकम, कुणी पांढऱ्या कांद्याच्या माळा. ऑर्डर फोनवर येते, पैसे क्यूआर कोडवर येतात. आणि तिथेच फसवणारा येतो. 'मी लष्करात अधिकारी आहे, चार खोल्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.' ताईंनो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. दुसरा प्रकार म्हणजे 'केवायसी करा नाहीतर योजनेचे पैसे बंद' असा मेसेज आणि खाली एपीके फाईल. ती फाईल उघडून अ‍ॅप बसवलं आणि परवानग्या दिल्या की आपले मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात.

पैसे गेले की घरात पहिली भीती असते, 'आता बोलणी खावी लागणार.' मग बाई गुपचूप मेसेज पुसते, नंबर काढून टाकते, नाहीतर मुलाला सांगून अख्खा मोबाईल रिसेट करून घेते. ओल्या वाळूतली पावलं भरती यायच्या आत बघायची असतात. इथे तर आपण स्वतःच भरती आणतो. साधा मेसेज पुसला तर कधीकधी परत मिळतो. रिसेट केलेल्या आजच्या मोबाईलमधून बहुतेक काहीच हाती लागत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, लगेच 1930 ला फोन. हा सरकारी क्रमांक आहे. बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगा. यूपीआयचा तो क्रमांक 12 आकडी असतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतात. मधल्या एखाद्या खात्यात ते अडवता आले तरच वाचतात. म्हणून आधी घरात चर्चा आणि मग फोन, असं करू नका. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

दुसरं, बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलंय की पिन ग्राहकानेच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हाच आपला पुरावा.

तिसरं, काही पुसू नका. मेसेज, कॉलची यादी, तो क्यूआर कोड, ती फाईल, सगळं तसंच राहू द्या. फाईल पुन्हा उघडू मात्र नका. ती बसवली असेल तर मोबाईलचं इंटरनेट बंद करा आणि 1930 चा फोन दुसऱ्या मोबाईलवरून लावा. स्क्रीनशॉट काढा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण स्क्रीनशॉट बनवताही येतो. मूळ मोबाईलला जास्त किंमत आहे. तपास करणारे त्याची हुबेहूब प्रत घेतात आणि तिचा आकड्यांचा ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो.

आता गटाविषयी. आपल्या सचिव ताईंच्या मोबाईलमध्ये काय काय असतं? सगळ्यांचे आधार, पासबुकाचे फोटो, सह्या. तो मोबाईल मुलं खेळायला घेतात. त्याला कुलूप लावा. काम झालं की इतरांच्या कागदांचे फोटो काढून टाका. तुम्ही म्हणाल, आत्ताच पुसू नका म्हणालात! फरक एवढाच की चोरीच्या खुणा ठेवायच्या आणि बिनकामाचे कागद साठवायचे नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. 'तुझं खातं दे, पैसे येतील ते काढून दे, हजार रुपये तुझे,' असं कुणी, अगदी नात्यातल्याने म्हटलं तरी नाही म्हणा. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. कॉसमॉसचं उदाहरण आठवा.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित नोंदी. हजेरी वहीत आकडा चुकला तर आपण खोडत नाही. आडवी रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा लिहितो, सही करतो. म्हणूनच बँक आपल्या दप्तरावर विश्वास ठेवून कर्ज देते. मोबाईलशीही तसंच वागायचं.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. इतिवृत्ताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहा: 1930. आणि एखादी ताई फसली तर 'तुला कळत नव्हतं का?' असं तिला विचारू नका. 'फोन लावलास का?' एवढंच विचारा. बोलणी खायची भीती नसली तर ती पाच मिनिटांत सांगेल, आणि त्या पाच मिनिटांतच पैसे वाचण्याची आशा असते.