नोंदीचा अधिकार आणि परवलीचा शब्द

शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील अनेक शाळांचा पट जूनमध्ये ठरून वर्षअखेरपर्यंत स्थिर राहत नाही. दिवाळीच्या सुमारास भीमा व घोड नद्यांच्या काठी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत कामगारांची कुटुंबे येतात आणि जातात. त्यांची मुले शाळेच्या दाराशी आली, की नोंदीचा प्रश्न उभा राहतो. जनरल रजिस्टर आजही आहेच. परंतु त्याजबरोबर यू-डायस प्लस ह्या संगणकीय प्रणालीतही ती नोंद करावी लागते.

जनरल रजिस्टराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांस ठाऊक असे. प्रणालीतही तशीच कुलपे आहेत. शाळेच्या लॉगिनमधून केवळ त्याच शाळेच्या मुलांची माहिती भरता येते. तालुका व जिल्हा ह्यांच्या पायऱ्या त्याच्या वर. दुसऱ्या शाळेच्या पटावरील मूल परस्पर आपल्या पटावर घेता येत नाही. जुन्या शाळेने मूल शाळा सोडून गेल्याचे नोंदवावे लागते, तेव्हाच नव्या शाळेस त्याचा कायम शिक्षण क्रमांक व जन्मतारीख देऊन नाव घेता येते. हे बंधन पुष्कळांस जाचक वाटते. परंतु ऑक्टोबर 2011 मधील राज्यव्यापी पटपडताळणीत बनावट नावे मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली होती. शिक्षकांची पदे व पोषण आहार पटावर ठरत असल्याने एकच मूल दोन पटांवर राहणे ही साधी चूक नव्हे.

आता, कुलूप आहे म्हणून ते लागलेलेच असते असे नाही. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकासही वर्ग असतात. सबब संगणकाची माहिती असलेला तरुण शिक्षक सारी कामे करतो, आणि परवलीचा शब्द कपाटाच्या दारावर आतून चिकटविलेला असतो. कोठे तो तालुक्याच्या गावच्या ऑनलाइन केंद्रचालकाकडेही असतो! ह्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण त्या लॉगिनमधून जन्मतारीख बदलली गेली वा नाव गळाले, तर प्रणालीत उत्तरदायी ठरतो तो मुख्याध्यापकच. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचा तपास सुरू झाला, तेव्हाही लॉगिन कोणाचे व वापरले कोणी, हा प्रश्न पुढे आलाच.

काम वाटून द्यावे. किल्ली वाटू नये. मुख्याध्यापकाने स्वतः लॉगिन करावे, सहकाऱ्याने शेजारी बसून माहिती भरावी, आणि उठताना लॉगआउट झाल्याची खात्री करून घ्यावी. बदली वा सेवानिवृत्तीच्या वेळी चार्ज यादीत डेडस्टॉक रजिस्टराखाली लॉगिनचीही एक ओळ असावी, आणि नव्या मुख्याध्यापकाने त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा. त्याहून अधिक विसरली जाणारी बाब भ्रमणध्वनीची. निवृत्त गृहस्थांचा क्रमांक प्रणालीत तसाच राहतो, आणि ओटीपीसाठी त्यांच्या गावी फोन करीत बसावे लागते.

मात्र ह्या कुलपांचा भार मुलावर पडता कामा नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 5 अन्वये, दाखला यावयास विलंब झाला ह्या कारणास्तव प्रवेश लांबविता येत नाही वा नाकारता येत नाही. दाखला देण्यास विलंब लावणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. प्रणालीत नाव येवो न येवो, मूल पहिल्याच दिवशी वर्गात बसावे व त्यास आहार मिळावा. जुन्या शाळेचे नाव आणि तेथील मुख्याध्यापकांचा फोन क्रमांक पालकांकडून त्याच वेळी टिपून घ्यावा. टोळी दुसऱ्या फडावर गेली, की तो मिळणे कठीण जाते.