वर्गणीतल्या गाडीचा हिशेब
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे आहेच. पण त्याआधी एक हिशेब द्यायचा आहे.

तुमच्या वर्गणीतून 2018 साली आपण एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. 2024 च्या मे महिन्यात त्या गाडीच्या इंजिनावर साडेसोळा हजार रुपये खर्च झाले. काही जणांनी विचारले, ‘जुन्या गाडीवर एवढा पैसा कशाला? मोडीत का नाही घातली?’ प्रश्न बरोबर आहे. ज्याची वर्गणी, त्याला जाब विचारायचा हक्क. म्हणून उत्तर देतो आणि पहिल्यांदा हे कबूल करतो की यात चूक आमची होती. गाडी तीन महिने ओरडून सांगत होती, आम्ही ऐकले नाही.

थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी सुरू केली की इंजिनातून दोन-तीन सेकंद खडखड यायची. वाळलेले घाटे टोपलीत हलवावेत तशी. मग आवाज बंद. आवाज बंद झाला म्हणजे दुखणे गेले, असे आम्ही धरून चाललो. दहा हजार किलोमीटरला बदलायचे ऑइल आम्ही सोळा हजारांवर नेले. दौरे होते, सभा होत्या, पैसा नव्हता. कारणे कोणाजवळ नसतात?

मार्चमध्ये ज्वारी काढताना एका मजूर बाईला साप चावला. रात्री नऊला याच गाडीने तिला तालुक्याला नेले. वेळेत इंजेक्शन मिळाले, बाई वाचली. त्या रात्रीही गाडी सुरू करताना खडखड झाली, आणि जरा जास्त वेळ झाली. इंजिन अर्ध्या वाटेत बसले असते तर आज आम्ही तुमच्यापुढे कोणता हिशेब देत उभे असतो? हा विचार अजून झोप मोडतो.

मे महिन्यात आम्ही निघोज्याला गेलो. निघोजे हे पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, चाकणच्या शेजारचे गाव. हा मुलूख आपल्याला कांद्याच्या आंदोलनामुळे माहीत. आज तिथे कारखान्यांचे रान आहे. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या शिवारात 2009 पासून मोटारी तयार होतात. आपल्या जिल्ह्यातली, जालन्याची, यवतमाळची कोरडवाहू घरची पोरे तिथे कंत्राटावर राबतात. त्यांना भेटायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर खडखड थांबेचना. इंजिनाचा पिवळा दिवाही लागला.

हमरस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘इंजिन बदला. पंचाहत्तर हजार. नाहीतर ही देऊन टाका, हप्त्यावर दुसरी घ्या.’ भावांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? दुखणे काय ते सांगायचे नाही आणि औषध सगळ्यात महागाचे द्यायचे. कृषी केंद्राच्या दुकानात आपण हेच ऐकतो.

आमच्या पोरांनी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेले. पत्र्याचे शेड, आयटीआय शिकलेला तरुण, तोही कापसाच्या गावचा. त्याने गाडी सुरू केली, कान लावला आणि लगेच बंद केली. म्हणाला, ‘भाऊ, आता चालवू नका. टायमिंग चेनचं गाईड गेलंय. इंजिन अजून वाचलंय, पण दाता सुटला तर काही राहायचं नाही.’

हे काय प्रकरण आहे ते आपण समजून घेऊ, कारण आता पुष्कळांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे.

पेरणीला वापसा लागतो. दोन दिवस आधी पेरले तर चिखल, चार दिवस उशीर झाला तर ओल जाते. बी तेच, रान तेच, पण वेळ चुकली की पीक गेले. इंजिनाचेही तसेच. खाली क्रँक फिरतो, त्याच्यावर पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हायला पाहिजे. हा मेळ राखते ती टायमिंग चेन. जुन्या पद्मिनीत, अँबेसिडरमध्ये कॅम खाली होता, म्हणून चेन आखूड होती. मारुती 800 मध्ये रबरी पट्टा होता. पुढे पुष्कळ इंजिनांत कॅम डोक्यावर गेला आणि त्याच्यासाठी लांब चेन आली. लांब चेन फिरताना फडफडते. ती फडफडू नये म्हणून दोन्ही बाजूंना टणक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना गाईड म्हणतात. एक पट्टी पक्की बसवलेली, दुसरी हलती. हलत्या पट्टीला टेन्शनर मागून रेटतो, आणि हा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो.

आता खडखडीचा उलगडा होतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरते. सकाळी दाब चढेपर्यंत चेन ढिली असते. गाईड धड असेल तर ती सांभाळते. गाईड झिजलेले असेल, चेन लांबलेली असेल तर ती आपटते. दाब चढला की आवाज दबतो. आवाज दबतो, झीज नाही. ऑइल जुने होऊन काळे पडले की दाब उशिरा येतो आणि झीज आणखी वाढते. आमच्या सोळा हजार किलोमीटरांनी हेच केले.

रबरी पट्टा किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. चेनचे बहुधा लिहिलेले नसते. त्यावरून लोकांनी ठरवून टाकले की चेन जन्मभर पुरते. चेन पुष्कळ पुरते, पण ऑइल वेळेवर बदलणाऱ्याला.

मिस्त्रीने आमच्यासमोर इंजिन उघडले. पुढचे झाकण काढण्याआधी पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून क्रँक आणि कॅम खिळीने जागच्या जागी अडकवले. झाकण निघाले तेव्हा एका गाईडला चेनने खोल चर पाडलेला होता आणि टोकाचा तुकडा गायब होता. तो तुकडा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये सापडला. त्याचा चुरा स्ट्रेनरच्या जाळीत अडकला होता. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंगे जळतात. दुसरा धोका चेनचा. ती एक-दोन दाते पुढेमागे सरकली तर वॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर येतो आणि पुष्कळ इंजिनांत दोघांची टक्कर होते. वॉल्व्ह वाकतात, हेड जाते. तेव्हा पंचाहत्तर हजारवाल्याचे म्हणणे खरे झाले असते.

आम्ही विचारले, ‘नुसते गाईड बदलून भागेल का?’ गाईडची किंमत साडेअकराशे होती, मोह झाला. तो म्हणाला, ‘पैसा उघडण्याला लागतो भाऊ. जुनी चेन नवीन गाईड पुन्हा खाईल, आणि मग दुसऱ्यांदा मजुरी द्याल.’ पटले. फवारणी अर्ध्या रानात करून अळी जात नाही, हे आम्ही शेतकीची पदवी घेऊन तुम्हाला सांगत फिरतो. स्वतःच्या गाडीला तोच नियम लावायचा नाही?

चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, दातेरी चक्रे, क्रँकचा बोल्ट आणि गॅस्केट मिळून 8,900 रुपये. ऑइल आणि फिल्टर 2,100. मजुरी 5,500. एकूण 16,500. चेंबर आणि जाळी धुतली ती मजुरीतच. बिल आणि जुने सुटे भाग इथे टेबलावर ठेवले आहेत. चर पडलेले गाईड हातात घेऊन पाहा.

जोडून झाल्यावर त्याने खिळी काढल्या आणि लगेच चावी फिरवली नाही. पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला आणि खिळी पुन्हा बरोबर बसतात का ते पाहिले. बसल्या, मगच गाडी सुरू केली. हे पाच मिनिटांचे काम आहे. जो मिस्त्री हे टाळतो, त्याच्या हाती इंजिन देऊ नका.

आता घरी जाताना एवढे लक्षात ठेवा. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना गाणी बंद ठेवा आणि कान द्या. खडखड रोज येऊ लागली तर आधी ऑइलची पातळी पाहा. पातळी ठीक असून आवाज येत असेल तर मिस्त्री गाठा. आवाज थांबतच नसेल तर गाडी चालवू नका, ओढून न्या. अशा गाडीला धक्का मारून सुरू करू नका. आपल्याकडे बॅटरी उतरली की चार माणसे मागे लागतात. टेन्शनरमध्ये दाब नसताना इंजिनाला हिसका बसला, त्यातून उलटा बसला, तर ढिली चेन दाता सोडू शकते. उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडी लावू नका, हँडब्रेक ओढा. आणि जुने काढलेले भाग मागून घ्या. ज्याचे काम सरळ आहे तो आनंदाने देतो.

आपल्या गाडीत आता एक वही ठेवली आहे. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, कोणी बदलले, हे तिच्यात लिहायचे. ती वही प्रत्येक जिल्हा बैठकीत या टेबलावर येईल आणि कोणीही ती उघडून आम्हाला विचारील. त्या मजूर बाईसारखी वेळ पुन्हा कोणावर येईल ते सांगता येत नाही. त्या रात्री गाडी सुरू झाली पाहिजे आणि पोहोचली पाहिजे.

हिशेब संपला. मंजूर असेल तर हात वर करा, नसेल तर उभे राहून विचारा. मग कापसाकडे वळू.