परदेशस्थांचा सेवाभाव आणि निराधार मुले
(भाषणाचा मजकूर)



डिसेंबर उजाडला की देवगिरी एक्सप्रेसमधून परभणीच्या फलाटावर परदेशस्थ कुटुंबे उतरू लागतात. कोणी अमेरिकेत स्थायिक झालेले असते, कोणी इंग्लंडमध्ये, कोणी आखाती देशांत. आप्तांच्या भेटी होतात, पोखर्णीच्या नृसिंहाचे दर्शन होते, हुरडा खाऊन होतो. आणि मग अनेकांच्या मनातील एक इच्छा बाहेर पडते. येथील एखाद्या बालगृहात चार-आठ दिवस मुलांबरोबर घालवावेत, त्यांना इंग्रजी शिकवावे, खेळणी द्यावीत, जमल्यास आपल्या मुलाचा वाढदिवसही तेथेच साजरा करावा. ही इच्छा बहुधा ओळखीच्या शिक्षकाजवळ, सरपंचाजवळ किंवा एखाद्या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखविली जाते, आणि तो आनंदाने दूरध्वनी करून व्यवस्था करून देतो.

ही इच्छा निर्मळ असते, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो नवव्या दिवसाचा. पाहुणे परत जातात. आठ दिवसांत ज्याचा हात धरण्याची सवय लागली तो माणूस का गेला, हे पाच वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. पुढच्या सुटीत दुसरे कोणी येते आणि तेही जाते. ज्या मुलाच्या आयुष्यातून आई-वडील आधीच निघून गेले, त्याला माणसे निघून जाण्याचा हा आणखी एक धडा मिळतो.

पाहुण्यांना सर्वांत हेलावून टाकते ती एक गोष्ट म्हणजे फाटकातून आत पाऊल टाकताच लहान मुले धावत येऊन बिलगतात. ‘पहिल्याच भेटीत किती माया लावली’ असे सांगताना त्यांचे डोळे पाणावतात. बालमानसशास्त्राचे अभ्यासक मात्र या बिलगण्याकडे चिंतेने पाहतात. घरात वाढलेले मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या पदराआड जाते. जे मूल कोणाच्याही कडेवर तत्काळ जाते, त्याला स्वतःचे असे माणूस मिळालेले नसण्याचा संभव असतो. रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात संस्थांमधील 136 लहान मुले निवडण्यात आली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती संस्थेतील मुलांहून चांगली वाढली. त्यातही जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांना अधिक लाभ झाला. अन्न-वस्त्राइतकीच एकाच माणसाच्या सातत्याची भूक मुलाला असते, हे या अभ्यासाने दाखवून दिले. आपल्या आजीबाईंना हे ठाऊक होतेच, पण शासकीय टिपणीत आजीबाईंचा हवाला देता येत नाही.

परदेशवास आणि निराधारांची सेवा यांची सांगड घालणारे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे होय. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना, त्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना कसे सांभाळतात, हे त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे जवळून पाहिले. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि 1888 पर्यंत त्या देशात राहिल्या. त्या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले, अनेक संस्था पाहिल्या, त्यांच्या जमाखर्चाची रीत समजून घेतली. दया दाखवून त्या परतल्या नाहीत; शिकून परतल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले गेले आणि पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. सदनातील मुलींवरील ख्रिस्ती प्रभावावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सेवेबरोबर आणखी काय येत आहे, हे पाहण्याचा समाजाला अधिकार असतोच. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावी उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात 1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शाळा, विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल लिपी असा सारा संसार तेथे होता. या कामात परदेशी स्त्रियाही सामील झाल्या. मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन बाई 1898 साली केडगावी आली. पण त्यापूर्वी दहाएक वर्षे ती मुंबईत मुलींच्या शिक्षणाचे काम करीत होती. आठ दिवसांच्या पाहुण्यांवर मुक्ती सदन उभे राहिलेले नाही, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दूर बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने आरंभी दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. भेट एकदाच देऊन फोटो घेण्यापेक्षा दहा वर्षांचे वचन देणे अवघड असते, आणि उपयोगाचे तेच असते.

आता थोडे जगाकडे पाहू. नेपाळ, कंबोडिया यांसारख्या देशांत स्वयंसेवक प्रवाशांची गर्दी वाढली, तसतशी अनाथालयेही वाढली. आई-वडील हयात असलेली मुले शिक्षणाचे आमिष दाखवून खेड्यांतून आणली गेली आणि पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली गेली. या व्यवहाराची दखल ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने 2017 साली आपल्या अहवालात घेतली. 18 डिसेंबर 2019 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठराव करून, अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे मुलांची होणारी हानी रोखण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले.

परभणी जिल्ह्याचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालम या भागांत दिसतो. दसरा-दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या हिशेबात मूल कोठेच बसत नाही. ते आजीजवळ राहते, हंगामी वसतिगृहात राहते किंवा फडावर जाते. काही घरांत कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली असते आणि आई एकटी असते. ही मुले अनाथ नव्हेत. परंतु कोणी सज्जन पाहुणा ‘इमारत बांधून देतो’ म्हणाला, तर त्या इमारतीत भरण्यासाठी अशीच मुले सहज सापडतील. आईच्या कुशीतले मूल केवळ दारिद्र्यामुळे संस्थेत येणे ही दानशूरतेची फार महाग किंमत होय.

शासनाची बालसंगोपन योजना यासाठीच आहे. मूल नातेवाइकाच्या किंवा पालक कुटुंबाच्या घरी राहावे म्हणून तिच्याखाली मिळणारे मासिक अनुदान 2023 साली 1,100 रुपयांवरून 2,250 रुपये करण्यात आले. पात्र असूनही अर्ज न केलेले घर शोधून काढणे हे काम ग्राम बाल संरक्षण समिती करू शकते, आणि तिचे अध्यक्षपद सरपंचांकडे असते. समितीची बैठक केवळ नोंदवहीत होत असेल, तर ती प्रत्यक्षात घेण्यास कोणाची मनाई नाही.

तरीही काही मुलांना बालगृहावाचून आसरा नसतो, आणि तेथे मदत हवीच असते. ती स्वीकारताना दोन-चार गोष्टी पाहाव्यात. संस्था 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली नोंदलेली आहे काय, आणि तेथील मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली आहेत काय, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारता येते. त्याच अधिनियमाच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पाहुण्यांना भ्रमणध्वनी बाहेर ठेवण्यास सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. देणगीचे म्हणाल, तर परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याची रक्कम तशी ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेला केंद्र शासनाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हा फरक माहीत नसल्याने चांगल्या संस्थाही अडचणीत येऊ शकतात.

या पैशातून खेळण्यांऐवजी एका काळजीवाहू बाईचा पाच वर्षांचा पगार देता आला, तर मुलांच्या पदरात पाच वर्षे टिकणारे एक माणूस पडते. अठरा वर्षे पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींना तर परदेशस्थ मराठी माणूस खरोखरच हवा असतो. 2018 साली महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिले. पण अर्ज कसा भरावा, मुलाखतीत कसे बोलावे, पहिला पगार कसा पुरवावा, हे सांगणारे वडीलधारे त्यांना नसतात. असे मार्गदर्शन न्यू जर्सीत बसूनही करता येते. पोलीस पडताळणी व्हावी, संस्थेचे कर्मचारी समोर असावेत, आणि आठवड्यातून एकच वार, एकच वेळ ठरवून निदान दोन वर्षे ती पाळावी.

वेळेची एक बारीक अडचण आहे. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा परभणीत सायंकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे जातात. तेव्हा तिकडचे साडेनऊ तसेच धरून ठेवले, तर फोन इकडे आठला येईल, आणि सातपासून वाट पाहणारा मुलगा एव्हाना जेवणाच्या पंगतीत जाऊन बसलेला असेल. म्हणून हिवाळ्यात तिकडच्या माणसाने साडेआठलाच फोनपाशी बसावे. इकडचे सात हे सातच राहू द्यावेत.