मोंपाझिएच्या बाजारातली मापे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'फ्रान्स फिरून आलेले शेतकरी' असे म्हटले आणि मागे कोणीतरी हसले. हसण्यासारखेच आहे. कपाशी बोंडावर आलेली, आणि हा गडी शेत बायकोच्या आणि थोरल्या मुलाच्या हवाली करून बारा दिवस परदेशात. पण पुतण्या तिकडे बोर्दो शहरात नोकरीला आहे, तिकीट त्याने काढले, म्हणून जाणे घडले. त्याला मी एवढेच म्हणालो, 'बाबा, उंच मनोरे नंतर बघू. मला तिथली खेडी दाखव.'

त्याने मला दोर्दोन नदीच्या काठाने नेले. फ्रान्सच्या नैऋत्येला हा मुलूख आहे, जुने नाव पेरिगोर. नदी मधल्या डोंगराळ भागात उगम पावते, पाचशे किलोमीटरला थोडी कमी वाहत येते आणि बोर्दोच्या खालच्या बाजूला गारोन नदीला मिळते. पाऊस तिथे बाराही महिने थोडा थोडा पडतो. आपल्यासारखे मृगाकडे डोळे लावून बसायचे आणि नंतर परतीच्या पावसाला शिव्या द्यायच्या, हा प्रकार नाही. तेवढे एक सोडले तर जमीन काही सगळी सोन्याची नाही. नदीकाठी गाळाची पट्टी आहे, ती चांगली. वर चढलात की चुनखडीचा माळ. वर पातळ माती, खाली दगड. माळावर उभा राहिलो तेव्हा मला आपल्या बरड रानाची आठवण झाली.

पहिल्या दिवशी बेनाक पाहिले. नदीवर सरळ कडा, कड्यावर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत उतरत आलेले गाव. समोरच्या काठावर कास्तेलनोचा किल्ला. 1337 ते 1453 इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे लढत राहिले, त्याला शंभर वर्षांचे युद्ध म्हणतात. त्या काळात बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. मधे नदी, हीच सरहद्द. लोक किल्ल्यांचे फोटो काढत होते. मी खालची शेते बघत होतो. दोन्हीकडच्या फौजांना खायला कोण घालत असेल, हे विचारायला इतिहासाचा मास्तर लागत नाही.

पुढे ला रोक-गाजाक. हे गाव कड्याला पाठ लावून बसले आहे. दक्षिणेकडे तोंड, त्यामुळे थंडीतही ऊब धरते आणि उष्ण प्रदेशातली झाडे तिथे वाढतात. दृश्य असे की माणूस बोलायचा थांबतो. पण त्याच कड्याचा तुकडा 1957 च्या जानेवारीत तुटून घरांवर पडला आणि तीन माणसे गेली.

याच गावाच्या धक्क्यावरून सपाट बुडाच्या लाकडी होड्या पर्यटकांना फिरवून आणतात. त्यांना गाबार म्हणतात. आज त्यांत बसून लोक फोटो काढतात, पण ही मूळची मालाची होडी. वरच्या डोंगराळ भागातल्या जंगलातून ओकच्या फळ्या, म्हणजे दारूच्या पिंपांच्या पट्ट्या, आणि द्राक्षवेलींना आधार द्यायचे खांब घेऊन ती खाली बोर्दोच्या बाजूला यायची. नदीला पुरेसे पाणी वर्षातले काही आठवडेच असायचे. त्या पाण्याला तिकडचे लोक 'व्यापाराचे पाणी' म्हणत. पाणी आले की निघायचे. खडक, भोवरे, जीव मुठीत. खाली पोचल्यावर माल विकायचा. प्रवाहाविरुद्ध होडी परत नेणे परवडत नसे, म्हणून वरून आलेली होडीही बहुधा मोडून लाकूड म्हणून विकायची आणि घरी पायी जायचे. पुतण्याने हे सांगितल्यावर मी त्याला म्हणालो, बैलगाडी भरून कापूस न्यावा आणि परतताना गाडीही विकून यावे, असा हा धंदा. तो म्हणाला, 'काका, तुम्ही काहीही बघितलेत तरी कापसावर येता.' येणारच. दुसरे काय येते मला?

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि होड्यांचा धंदा बसला. आपल्या वऱ्हाडात त्याच शतकात रेल्वे आली ती कापूस बाहेर न्यायला. तिकडे नदी ओस पडली. धक्के राहिले, माल गेला.

आणि याच सुमारास दुसरा घाव बसला. या सगळ्या उतारांवर त्या वेळी द्राक्षवेली होत्या. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर एक बारीक किडा फ्रान्समध्ये आला, फिलॉक्सेरा त्याचे नाव. तो मुळांचा रस शोषतो. वरून वेल नुसती सुकत चालल्यासारखी दिसते, शेतकरी पानांवर रोग शोधत राहतो आणि चोर मातीखाली. 1868 मध्ये खरे कारण सापडले. उपायही निघाला, अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. पण कलमाला पैसा लागतो. ज्यांच्याजवळ होता त्यांनी बागा पुन्हा उभ्या केल्या. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांच्या उतारांवर आज झुडपे आणि जंगल आहे. दोम नावाचे गाव कड्यावर आहे, 1281 मध्ये फ्रान्सच्या राजाने वसवलेले. तिथून खाली नदीचे वळण फार सुंदर दिसते. सगळे ते बघतात. मला पुतण्याने जंगलात उभे असलेले दगडी बांध दाखवले. कोणीतरी एकेक दगड वेचून ते रचले होते. त्या बांधांवर आता झाडे.

भावांनो, ज्यासाठी मी बोलायला उभा राहिलो ते गाव नदीपासून थोडे दक्षिणेला आहे. मोंपाझिए. 1284 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने ते वसवले. इंग्लंडच्या राजाचे तिथे काय काम, असे तुम्ही विचाराल. 1152 मध्ये तिकडच्या राजघराण्यातल्या एलेनोरचे लग्न पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाले आणि मुलूख लग्नात गेला. असो. गाव कसे, तर पट्टी लावून आखलेले. चारशे मीटर लांब, दोनशे वीस मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने बावीस एकरांच्या आत सगळे. सरळ रस्ते, सारख्या मापाचे भूखंड, आणि दोन घरांच्या मधे वीतभर-हातभर रुंदीची बोळ, आग लागली तर पुढच्या घराला लागू नये म्हणून. अशी आखीव गावे त्या काळात त्या मुलखात शेकड्यांनी वसली. 'या, घर बांधा, जागा घ्या, कसायला जमीन घ्या, काही वेठीतून मोकळे व्हा' अशी सनद द्यायची आणि कुळे बोलवायची. राजाला दया आली होती असे नव्हे. त्याला माणसे हवी होती, बाजार हवा होता, बाजारावरचा कर हवा होता.

गावाच्या मधोमध चौक. चारी बाजूंनी कमानींचा ओटा आणि एका बाजूला लाकडी खांबांवर उभी बाजाराची ओसरी. खांब शेकडो वर्षांचे. त्या ओसरीखाली धान्य मोजायची जुनी मापे अजून ठेवलेली आहेत. मी तिथे बराच वेळ थांबलो. पुतण्या पुढे जाऊन परत आला. आपल्याकडे पायली-कुडवाचे माप व्यापाऱ्याच्या घरातले, घेताना एक आणि देताना दुसरे, हे आपल्या आज्यांनी पाहिलेले. इथे माप चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, गावाच्या ताब्यात. फुकट नव्हते, मोजणीवर कर होताच. पण माप कोणाच्या बगलेत नव्हते. बाजार तिथे दर गुरुवारी भरतो, आजही.

एवढे बघून मी 'वा' म्हणणार, तेवढ्यात त्याच चौकाची दुसरी गोष्ट ऐकली. 1594 मध्ये याच गावी हजारो शेतकरी जमले होते, करांविरुद्ध आणि लुटणाऱ्या सरदारांविरुद्ध. त्यांना क्रोकाँ म्हणत, म्हणजे हिणवून. 1637 मध्ये पुन्हा उठाव झाला. फ्रान्सचा राजा दोन वर्षांपूर्वी मोठ्या युद्धात उतरला होता, कर वाढत चालले होते, आणि वर फौजेसाठी धान्याची वसुली. लोक उठले. ला मोत ला फोरे नावाच्या एका लहान सरदाराला त्यांनी पुढे केले आणि मे महिन्यात बेर्जराक शहर घेतले. 1 जूनला ला सोव्हता गावाजवळ राजाच्या फौजेने त्यांना गाठले. हजाराच्या वर शेतकरी पडले. पेरिगोरच्या या भागात लढत राहिलेल्यांत ब्युफारो नावाचा एक विणकर होता, मोंपाझिएच्या शेजारच्या गावचा. ऑगस्टमध्ये त्याला पकडून या चौकात चाकाला बांधून हाडे मोडून मारले. ज्या चौकात माप, त्याच चौकात चाक. आता तिथे खुर्च्या मांडून लोक कॉफी पितात. मीही प्यालो, खोटे कशाला सांगू. कडू होती.

तिथल्या लहान लहान गावांतही एक दगड दिसतो, 1914 ते 1918 च्या युद्धात पडलेल्यांच्या नावांचा. गाव शे-दोनशे घरांचे, आणि नावे वाचत जावे तर एकच आडनाव तीनदा, चारदा. कोणाच्या घरचे किती गेले ते दगडच सांगतो. 1851 मध्ये या दोर्दोन जिल्ह्याची वस्ती पाच लाखांवर होती. 1962 मध्ये पावणेचार लाख. वेली गेल्या, होड्या गेल्या, पोरे युद्धात गेली आणि उरलेली शहरात गेली. बरीच जमीन अर्धेलीने कसली जाई. 1946 च्या कायद्याने मालकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर आणला, पण तोपर्यंत पुष्कळ कुळांनी गाठोडे बांधले होते.

आता ऐका. ही गावे एवढी जुनी आणि जशीच्या तशी कशी राहिली, असे मी पुतण्याला विचारले. मला वाटले होते, फ्रेंच लोक फार जपणारे. तो म्हणाला, 'काका, पाडून नवीन बांधायला पैसे नव्हते.' भरभराटीच्या काळात बांधली आणि दारिद्र्याच्या काळात तशीच राहिली. मग 1962 मध्ये जुनी शहरे जपण्याचा कायदा झाला, शेजारच्या सार्ला शहरात त्याचे काम आधी झाले. 1982 मध्ये कोलोंज-ला-रूज नावाच्या गावच्या सरपंचाने 'फ्रान्सची सर्वांत सुंदर गावे' अशी संस्था काढली. दोन हजारांच्या आतली वस्ती आणि जपण्याजोग्या जुन्या वास्तू, अशी अट. बेनाक, ला रोक-गाजाक, दोम, मोंपाझिए सगळी त्यात आहेत. इंग्लंडचे पुष्कळ लोक तिथे घरे घेऊन राहिलेत. एकदा तलवार घेऊन आले होते, या वेळी चेकबुक घेऊन आले, एवढाच फरक.

एका अक्रोडवाल्या म्हाताऱ्याकडे आम्ही दुपारी बसलो. अक्रोड हे तिथले जुने पीक. मला ते आवडले कारण वाळवून ठेवता येते, भाव पडला तर लगेच विकावे लागत नाही. त्याच्याकडे तंबाखू वाळवायची उंच लाकडी कोठार होती, रिकामी. तंबाखू त्याने केव्हाच सोडला. मुलगा तुलूझला विमानाच्या कारखान्यात. शेजारचे घर परक्यांचे, उन्हाळ्यात उघडते. म्हातारा म्हणाला, 'गाव आता फार स्वच्छ असते. पूर्वी शेणाचा वास यायचा.' पुतण्याने भाषांतर करून सांगितले तेव्हा तो हसत होता की नाही, हे मला कळले नाही. मग त्याने मला विचारले, 'तुमच्याकडे जुनी घरे आहेत का?'

भावांनो, मी त्याला खोटे बोललो. आहेत, म्हणालो. आमचा वाडा आजोबांनी बांधला होता, ज्वारी-कापसाच्या पैशात, दोन चौकांचा, सागवानी खांबांचा. तीन वर्षे बोंडअळी आणि पावसाने मारले, सोसायटीचे थकले, मुलीचे लग्न निघाले, तेव्हा मी पुढच्या चौकाचे खांब विकले. घेणारा शहरातल्या हॉटेलवाल्यांसाठी जुने लाकूड गोळा करत हिंडतो. बारा खांब ट्रकमध्ये चढले. भाव काय मिळाला ते या सभेत सांगत नाही, तुम्हाला साधारण माहीत आहे. मोंपाझिएच्या ओसरीखाली मी बराच वेळ थांबलो, ते मापांसाठी. पण हात मात्र खांबावर ठेवला होता.

म्हाताऱ्याचे आणि माझे गणित एकच आहे. फरक इतकाच, की त्याच्या गावाची गरिबी घर पाडू शकली नाही, आणि माझ्या गरिबीला गिऱ्हाईक मिळाले.

मागच्या चौकाचे दोन खांब अजून उभे आहेत. त्यांच्यावर माळवदाचा तुकडा आहे, खाली सरकीची पोती ठेवतो. गेल्या पंधरवड्यात तो लाकूडवाला पुन्हा येऊन गेला. मी म्हणालो, कापूस विकल्यावर बघू.